मयतीच्या वहीतले बोर्डेसाहेब

बदनापूरच्या एका सरकारी कचेरीतून थॉमस बोर्डे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पण त्यांच्यातला हेडक्लार्क काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय ते पिशवी फोडत नसत आणि लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखन तपासत. अशा माणसाला शोभेल असं काम जालना शहरात एकाच ठिकाणी उरलं होतं, ते म्हणजे त्यांच्या चर्चची कचेरी. तिथल्या लोखंडी कपाटात सत्तर वर्षांच्या वह्या होत्या. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, मयतीची वही. कोणाला दाखला हवा असेल तर बोर्डेसाहेब चष्मा पुसत, वही उघडत आणि बोट ठेवून नाव शोधत. नाव सापडेपर्यंत समोरचा माणूस उभा असे. बसा म्हणायची कचेरीत पद्धत नसते, एवढं त्यांना पस्तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

कांताबाईंना तर त्यांनी तीन खेपा घालायला लावल्या होत्या. कांताबाईंची नात पायल जन्मली अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वस्तीत. तिची पहिली कम्युनियन, म्हणजे पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, जालन्यात व्हायची होती, तर बाप्तिस्म्याचा दाखला तिकडून आणणं आलं. पहिल्या खेपेला दाखल्यावर शिक्का नव्हता. दुसऱ्या खेपेला शिक्का होता, तारीख नव्हती. तिसऱ्या खेपेला दोन्ही होतं, तरी बोर्डेसाहेबांनी कागद उजेडाला धरून पाहिला.

"भाऊ, पोरगी तुमच्यासमोर उभी हाये," कांताबाई म्हणाल्या होत्या. "ती काय खोटी हाये का?"

"पोरगी खरी आहे," बोर्डेसाहेब म्हणाले, "पण पोरगी फाइलला लागत नाही."

हे सगळं अशासाठी सांगायचं, की पुढे जे झालं ते अशा माणसाच्या बाबतीत झालं.

नोव्हेंबरच्या शेवटी बिशप जालन्याला येणार होते. त्या वेळी तीन माणसांवर एक पवित्र जबाबदारी सोपवली जाणार होती. जे आजारी, म्हातारे, अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जायचं. तिघांत बोर्डेसाहेबांचं नाव पहिलं. खरं सांगायचं तर या कामाची ओढ त्यांना मनापासून होती. त्यांचे वडील याकोब बोर्डे आष्टीला धर्मशिक्षक होते. सायकलवर गावोगाव फिरून त्यांनी लोकांना प्रार्थना शिकवल्या होत्या. आपणही वडिलांसारखं कोणाच्या तरी दारात देव घेऊन जावं, असं बोर्डेसाहेबांना फार वाटे. फक्त ते कोणाला बोलून दाखवत नसत. उमेदवारांसाठी सूचना त्यांनीच टाइप केली होती. 'बाप्तिस्म्याच्या दाखल्याशिवाय नावाचा विचार केला जाणार नाही.'

सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःचा दाखला लिहायला घेतला. आष्टीच्या नोंदीही याच वह्यांत होत, म्हणून एकोणीसशे त्रेसष्टचा जून उघडला. जन्म सतरा जूनचा. बाप्तिस्मा जूनमध्ये नसेल तर जुलैमध्ये असेल, म्हणून जुलै पाहिला. ऑगस्ट पाहिला. मग सबंध त्रेसष्ट पाहिला. मग चौसष्ट, आणि चौसष्ट संपल्यावर, कारण नसताना, बासष्टही पाहिला. पुढची पानं चाळताना चारही धाकटी भावंडं सापडली, आष्टीचे निम्मे ओळखीचे लोक सापडले. थॉमस याकोब बोर्डे कुठेच सापडले नाहीत.

त्यांनी वही बंद केली, चष्मा पुसला आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. दुपारी फादर सिरिल कचेरीत आले तेव्हा साहेबांच्या समोरचा चहा तसाच होता आणि त्यावर साय धरली होती.

फादर सिरिल वयाने पस्तिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण साहेब, तुमची पहिली कम्युनियन झाली, दृढीकरणाचा संस्कार झाला, लग्न झालं. तेव्हा कोणी दाखला मागितला नाही?"

"धर्मशिक्षकाच्या पोराला दाखला कोण मागणार, फादर?" हे वाक्य बोलताना बोर्डेसाहेबांना आपल्या खात्यातला एक जुना घोटाळा आठवला. त्यातही सगळे असंच म्हणाले होते.

फादरांनी थोडा विचार केला. "काळजी करू नका. बाप्तिस्मा झालाय की नाही याची खात्री नसेल तर चर्चमध्ये सोय आहे. सशर्त बाप्तिस्मा. 'तुझा स्नानसंस्कार झाला नसेल, तर मी तुला स्नानसंस्कार देतो,' असं म्हणायचं आणि पाणी घालायचं. दोन मिनिटांचं काम. येत्या रविवारी तीन बाळांचे बाप्तिस्मे आहेतच. त्यातच..."

"बाळांबरोबर?" बोर्डेसाहेबांनी विचारलं.

"किंवा नंतर," फादर घाईने म्हणाले. साहेबांनी विचार करून सांगतो म्हटलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. मीनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि वळून पाहिलं.

"म्हणजे तुमचा बाप्तिस्माच न्हाई?"

"नोंद नाही," बोर्डेसाहेबांनी दुरुस्ती केली. "नोंद नसणं आणि बाप्तिस्मा नसणं या दोन वेगळ्या बाबी आहेत."

"तुमीच तर चर्चच्या वर्गात पोरांना शिकवता, की बाप्तिस्मा म्हणजे सगळ्या संस्कारांचा दरवाजा. दरवाजातूनच आत आले न्हाईत, तर मंग आपलं लग्न?"

बोर्डेसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"छत्तीस वर्षं झाली," मीनाबाई म्हणाल्या. "मी कोणाच्या घरात राहून राह्यले?"

त्या हे गमतीनं म्हणाल्या होत्या की रागानं, हे मीनाबाईंनाही नीट ठरवता आलं नाही. पण त्या रात्री जेवताना त्यांनी साहेबांना भाकरी वाढली, ती पाहुण्याला वाढावी तशी जरा लांबून वाढली, असं साहेबांना वाटलं.

रविवारी मिस्सेच्या उपासनेला ते नेहमीच्या पुढच्या बाकावर न बसता शेवटच्या बाकावर बसले. पहिलं वाचन त्यांचं होतं, ते त्यांनी घसा बसल्याचं सांगून दुसऱ्याकडे दिलं. कम्युनियनची वेळ आली, लोक उठून रांगेत लागले, आणि बोर्डेसाहेब बसून राहिले. बाप्तिस्मा झालेला नसेल तर कम्युनियन घेता येत नाही, हा नियम. तो त्यांनीच कितीतरी जणांना समजावून सांगितला होता. पण पन्नास वर्षांत एक रविवार न चुकवलेला माणूस बाकावर बसून राहतो, याचा अर्थ लोक एकच लावतात, की काहीतरी मोठं पाप घडलंय. चर्चच्या बाहेर एकाने त्यांचा हात नुसताच दाबला. दुसऱ्याने 'घरी सगळं ठीक ना?' म्हणून मीनाबाईंकडे पाहिलं. तिसरा म्हणाला, "देव दयाळू आहे, साहेब." हे साहेबांना ठाऊक होतं, पण ते आपल्याला असं आवाज उतरवून कोणी सांगेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खरी गोष्ट बुधवारपर्यंत बाहेर आली. कशी आली ते माहीत नाही. मीनाबाईंनी फक्त आपल्या बहिणीला सांगितलं होतं. गुरुवारी कांताबाई घरी आल्या. हातात डब्यात धपाटे होते. बोर्डेसाहेबांनी मनाची तयारी केली. आता ही बाई तीन खेपांचा हिशेब चुकता करणार. पण कांताबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "भाऊ, मला समजलं. बाप्तिस्म्याला धर्ममाता लागती ना? तुमची आई तर गेली बिचारी. तुमच्या वयाच्या मानसासाठी कोन उभं राहनार? मी होते तुमची धर्ममाता. न्हाई म्हनू नका."

त्या अगदी मनापासून बोलत होत्या. टोमणा असता तर बोर्डेसाहेबांना सोसला असता. कांताबाई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होत्या. धर्ममाता बाळाला मांडीवर घेते; तेव्हा त्यांच्या मांडीवर आपण, आणि डोक्यावर पांढरं टोपडं, असं काहीतरी चित्र साहेबांच्या डोळ्यांसमोर आलं आणि धपाटा घशात अडकला.

त्यांचे शेजारी कचरूलाल कापडाचे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण जालन्यात चार पिढ्या. त्यांना चर्चमधलं काही कळत नव्हतं, पण कागदपत्रांतलं सगळं कळत होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी हे प्रकरण समजून घेतलं.

"बोर्डेसाब, यात घाबरायचं काय? आमच्या रेशन कार्डावर माझी बायको तारादेवी सात वर्षं पुरुष होती. संसार थांबला का? तुम्ही एक करा. स्टँपपेपरवर लिहून द्या, की मी ख्रिस्ती आहे."

"तसं चालत नाही."

"बरं, साक्षीदार आणा."

"एकसष्ट वर्षांपूर्वीचा साक्षीदार कुठून आणू? आई नाही, वडील नाहीत."

कचरूलाल जरा वेळ पाय हलवत बसले. "मंग असं करा. जन्माच्या वहीत नाव नसलं, तर मरणाच्या वहीत पाहा. माझ्या चुलत्याचं असंच झालं होतं. तलाठ्यानं एक ओळ खाली लिहिलं, आणि जिवंत माणूस मेला."

हा सल्ला बोर्डेसाहेबांना अत्यंत अडाणी वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या त्यांनी मयतीची वही काढली.

नोंद सापडायला चार मिनिटं लागली. तिरक्या इंग्रजी अक्षरात, निळी शाई तपकिरी झालेली. साहेबांनी बोलावल्यावर फादर सिरिल यांनी ती मोठ्याने वाचून मराठीत सांगितली. आष्टी. अठरा जून एकोणीसशे त्रेसष्ट. धर्मशिक्षक याकोब बोर्डे यांचा मुलगा. वय एक दिवस. जिवाला धोका असल्यामुळे दाई जुबेदा हिने बाप्तिस्म्याचं पाणी घातलं. मरण पावला. नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

बोर्डेसाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोर्डेसाहेबांच्या चेहऱ्यावर, दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा, थोडा तजेला आला.

"म्हणजे बाप्तिस्मा झाला!"

"झाला," फादर म्हणाले. "पण साहेब, ते बाळ वारलं."

"ती चूक आहे. मी इथे उभा आहे."

"तुम्ही उभे आहात," फादर मऊपणे म्हणाले, "पण तुम्ही म्हणजेच ते बाळ, हे कशावरून?"

हा प्रश्न बोर्डेसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. 

त्यांनी त्याच दुपारी अर्ज लिहिला. तो आजही चर्चच्या फाइलला आहे. 'सदर नोंदीतील मयत इसम हा मी स्वतः असून, मी हयात आहे. तरी मी मरण पावल्याची नोंद नजरचुकीने झाली असावी, ती रद्द होऊन बाप्तिस्म्याची नोंद कायम ठेवावी, ही विनंती.' कचरूलाल यांनी अर्ज वाचून मान डोलावली आणि सुचवलं, की पेन्शनसाठी बँकेत दरसाल हयातीचा दाखला देता, त्याचीच एक झेरॉक्स सोबत लावा. साहेबांनी ती लावली. फादर सिरिल यांनी ते सगळं गंभीरपणे वाचलं, आणि मग म्हणाले, की चर्चच्या कायद्याप्रमाणे एक भरवशाचा साक्षीदार पुरतो. जिने पाणी घातलं ती दाई जिवंत असेल, तर तिचा जबाब आणा.

"पण ती मुसलमान बाई आहे," बोर्डेसाहेब म्हणाले. "तिने घातलेलं पाणी चालेल?"

"जिवाला धोका असेल तर कोणीही घालू शकतं. कोणत्याही धर्माचं माणूस. पाणी खरं पाहिजे, शब्द बरोबर पाहिजेत, आणि चर्चला जे करायचंय तेच करायची इच्छा मनात पाहिजे. साहेब, हे तर तुम्हीच वर्गात शिकवता."

शिकवत होते. पण शिकवलेलं आपल्या अंगावर येईल, असं धरून कोण शिकवतं?

फादरांनी चार प्रश्न कागदावर लिहून दिले. ते घेऊन, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बोर्डेसाहेब आणि मीनाबाई परतूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून काळी-पिवळी जीपने आष्टीला गेले. आईवडील गेल्यापासून साहेबांचं तिकडे जाणं नव्हतं. गावात जुबेदा नावाच्या बाया तीन निघाल्या. पहिली शाळेत शिकवत होती; तिने चहा पाजला, पण ती साहेबांच्या जन्मानंतर पंचवीस वर्षांनी जन्मली होती. दुसरीच्या घरी साहेबांनी फाइल उघडून प्रश्न क्रमांक एक वाचायला घेतला, तर घरच्यांना वाटलं की सर्वेला माणूस आलाय. त्यांनी शौचालय दाखवलं. तिसरी जुबेदा बाजाराच्या मागे राहत होती. तिचा नातू अतिक याचं घराच्या पुढेच वेल्डिंगचं दुकान होतं. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दोघांना आत नेलं.

जुबेदाबी चौऱ्याऐंशीची. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. खाटेवर बसून सुपातले तांदूळ बोटांनीच चाचपून निवडत होती.

"दादी, जालन्याहून पाहुणे आलेत. याकोब मास्तरचे थोरले."

जुबेदाबीचे हात थांबले. तिने तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं. "याकोब मास्तरचं? जवळ ये रं बाबा."

बोर्डेसाहेब जवळ गेले. तिने त्यांच्या तोंडावरून, कानांवरून हात फिरवला. साहेबांच्या तोंडावरून असा हात फिरवायची कोणाची छाती झाली नव्हती, कित्येक वर्षांत. ते अवघडून फाइल छातीशी धरून उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला आणि सरकारी आवाजात वाचू लागले.

"प्रश्न एक. पाणी घातलं का? कुठे घातलं?"

"डोक्यावर घातलं. तांब्यातून. तीनदा."

"प्रश्न दोन. का घातलं?"

"तुझा बाप फादरसंगं फिरतीवर गेल्ता. तुझी आई दोन दिवस अडली व्हती. माझी सासू दाई, मी तिच्या हाताखाली. सासूनं पाहिलं, म्हनली, काही खरं न्हाई. तशी तुझी आई मला म्हनली, जुबेदा, फादर न्हाई, हे न्हाईत, तू पानी घाल. मी म्हनलं, बाई, मी मुसलमान, मला कसं चालंल? ती म्हनली, चालतं. हे सगळ्यांना तेच शिकवतेत. जल्दी कर."

"प्रश्न तीन. मनात काय इच्छा होती?"

म्हातारीने जरा विचार केला. "तिच्या मनात व्हती तीच. मला तिच्यातलं काय कळतंय? मी म्हनलं, या बाईला जे पायजे ते या लेकराला भेटू दे."

बोर्डेसाहेबांनी हे लिहून घेतलं. फादरांनी सांगितलेल्या शब्दांत हे बसतं का, असा विचार करून त्यांनी पेन वर उचललं, आणि मग जसंच्या तसं राहू दिलं.

"प्रश्न चार. शब्द कोणते म्हटले?"

"तिनं सांगितले, मी म्हनले." जुबेदाबीने हातातले तांदूळ सुपात सोडले, आणि एकसष्ट वर्षांपूर्वीचं ते वाक्य, शाळेतल्या पाठासारखं, शुद्ध मराठीत म्हटलं: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देते." मग ती हसली. "इसरन कशी? दोनदा म्हनले ना."

बोर्डेसाहेबांचं पेन थांबलं. "दोनदा? दोनदा कसं? मावशी, स्नानसंस्कार एकदाच होतो. दोनदा केला असेल तर ते नियमात बसत नाही. नीट आठवून सांगा, एकदा का दोनदा?"

"एकदाच रं, एकाला. दोन व्हते ना."

 बाहेर अतिकच्या दुकानात कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

"दोन काय होते?" बोर्डेसाहेबांनी विचारलं. विचारताना त्यांना उत्तर कळलं होतं.

"जुळे. तुला सांगितलं न्हाई कोनी?" तिने पुन्हा हात पुढे केला, या वेळी तिला त्यांचं मनगट सापडलं. "पहिला आला तो थंडगार. त्याच्यावर घातलं. मंग तू आला. तू बी तसाच, म्हनून तुझ्यावर बी घातलं. पहिला दुसऱ्या दिशी गेला. तू राह्यला. मी तुला भाकरीच्या टोपल्यात, कापसात ठेवलं व्हतं."

"मग कोणी कधी..." साहेबांनी विचारायला घेतलं.

"तुझ्या आईनं कसम घातली सगळ्यांना. जुळ्यातला एक गेला, की त्याचं नाव काढायचं न्हाई. नाव काढलं तर दुसरा त्याच्यामागं जातो, असं म्हनतेत. तुझा बाप म्हनायचा, असं काही नसतं. पण आईच ती. तिच्यापुढं त्याचं चाललं न्हाई. फकत एक केलं त्यानं. म्हनला, या पोराचं नाव मी ठेवनार, आन् त्या नावातच दुसऱ्याला ठेवनार. काय ते मला कळलं न्हाई."

साहेबांना कळलं. बायबलच्या शुभवर्तमानात थोमा, म्हणजेच थॉमस, येतो, 'ज्याला दिदुम म्हणत'. वर्गातल्या मुलांनी दिदुम म्हणजे काय विचारलं, की बोर्डेसाहेब 'दिदुम म्हणजे जुळा' एवढं सांगत आणि पुढच्या ओळीला जात. तीस वर्षं ते पुढच्या ओळीला जात राहिले होते.

मीनाबाई उठल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. परक्यांसमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

हळूहळू कोडं उलगडलं. याकोब मास्तरांनी फिरतीवर असलेल्या त्या वेळच्या फादरांना दोन्ही बाळांचं सांगितलं असणार. फादरांनी चिठ्ठीवर टिपून घेतलं असणार. आणि वहीत उतरवताना एकाच बापाचं एकच बाळ धरून, जे गेलं तेवढंच लिहिलं. बोर्डेसाहेबांनी अर्ज केला होता की मरण पावल्याची नोंद चुकीची आहे. चुकीची काही नव्हती. ती दुसऱ्याची होती.

जुबेदाबीने जबाबाच्या कागदावर अंगठा दिला. मग अतिकने साहेबांना मोटारसायकलवर मागे बसवून ओढ्यापलीकडे नेलं. तिथे ख्रिस्ती लोकांची दफनभूमी होती. दादीने सांगितलेल्या खुणेप्रमाणे, पूर्वेच्या कोपऱ्यात, काळ्या शिळेच्या डाव्या हाताला. शिळा होती. डाव्या हाताला नुसतं गवत होतं. साहेब त्या गवताकडे पाहत राहिले. ते घरातले थोरले. चारही भावंडं त्यांना दादा म्हणत, वाटण्या असोत की लग्नं, शेवटचा शब्द त्यांचा असे. कोणाचं चुकलं तर ते म्हणत, 'मी मोठा आहे, मला विचारायचं.' आणि इथे, हातभर जागेत, त्यांच्याहून मोठं कोणीतरी एकसष्ट वर्षं गप्प पडून होतं.

"चाचा," अतिक म्हणाला, "लोखंडी क्रूस करून देतो. गावातल्या दोघांना करून दिलेत. पाटीवर नाव काय टाकू?"

 "कळवतो," साहेब म्हणाले.

जालन्याला परतल्यावर फादर सिरिल यांनी जबाब दोनदा वाचला. तिसऱ्या उत्तराशी ते थांबले, 'या बाईला जे पायजे ते या लेकराला भेटू दे', आणि म्हणाले, "याहून बरोबर इच्छा मला तरी सांगता येणार नाही." त्यांनी बाप्तिस्म्याच्या वहीत स्वतःच्या हाताने नोंद केली, आणि बिशपांसाठीच्या यादीत साहेबांचं नाव कायम राहिलं. बोर्डेसाहेबांनी पेन मागितलं नाही, स्पेलिंग तपासलं नाही. मग त्यांनी मयतीची वही पुढे सरकवली.

"फादर, यात नावाचा रकाना मोकळा आहे."

"साहेब, साठ वर्षांनी आपण नाव घालू शकत नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," बोर्डेसाहेब म्हणाले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, टेबलाच्या अलीकडच्या, म्हणजे मागणाऱ्याच्या, बाजूला उभं राहून ते म्हणाले, "पण काही करता येतं का बघा ना."

फादरांनी त्यांना आधी बसायला सांगितलं. मग बराच विचार करून त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'जुळ्यांतला थोरला. धाकटा थॉमस, हयात.'

त्या संध्याकाळी बोर्डेसाहेबांनी चारही भावंडांना फोन लावले. प्रत्येकाला एकच सांगितलं, की आपण पाच नाही, सहा. धाकटी बहीण फोनवर रडली. एका भावाने विचारलं, की मग सात-बारावर काही करावं लागेल का.  मीनाबाईंनी भाकरी वाढली, ती नेहमीसारखी, जवळ बसून. पुढच्या रविवारी साहेब कम्युनियनच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे कांताबाई होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि जरा नाराजीनं म्हणाल्या, "म्हनजे आता धर्ममाता लागनार न्हाई तुमाला."

"लागली असती तर तुम्हालाच विचारलं असतं," साहेब म्हणाले. आणि ते खरं होतं.

दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो. लोक कबरी झाडतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी फादर सिरिल कबरींना आशीर्वाद द्यायला आष्टीला आले. जालन्याहून बोर्डेसाहेब, मीनाबाई आणि चारही भावंडं आली. कचरूलालही आले. त्यांचं म्हणणं, नोंद सापडली ती त्यांच्या सल्ल्याने, तेव्हा त्यांचा हक्क होता. अतिकने प्लास्टिकच्या खुर्चीवर जुबेदाबीला बसवून, दुसऱ्या एकाच्या मदतीने, खुर्चीसकट ओढ्यापलीकडे आणलं होतं.

काळ्या शिळेच्या डाव्या हाताला लोखंडी क्रूस उभा होता, नव्या रंगाचा वास अजून येत होता. फादरांनी पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. म्हातारीने दोन्ही तळवे उघडून आपली दुवा मागितली. सगळे बाजूला झाल्यावर बोर्डेसाहेब खाली वाकले. गुडघे कुरकुरले. मेणबत्ती वाऱ्यानं दोनदा विझली, तिसऱ्यांदा त्यांनी ओंजळीचा आडोसा धरला, आणि कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ते काहीतरी बोलले.

"अतिक," जुबेदाबीने विचारलं, "पाटीवर नाव काय लिवलंय रं?"

अतिकने वाचून दाखवलं. "दादा. खाली तारीख."

म्हातारीने मान हलवली. "बराबर हाये," ती म्हणाली. "घटकाभरानं का व्हईना, मोठाच व्हता तो."